खारबंदिस्ती

रायगड जिल्ह्यातील अलिबाग आणि पेण या तालुक्यांत खाडीच्या कडेने जो सखल आणि सपाट प्रदेश पसरलेला आहे, त्याला खारेपाट असे म्हणतात. वैशाखातील एखाद्या दुपारी या खारेपाटात उभ्या राहिलेल्या माणसाला एक चमत्कारिक दृश्य दिसते. उन्हाने भेगाळलेल्या काळसर शेतांवर जागोजाग पांढरा पापुद्रा धरलेला असतो. कोणी पिठी भुरभुरून ठेवावी, तसा तो दिसतो. चिमूटभर उचलून जिभेला लावावा, तर तो खारट लागतो. ते मीठच असते. सभोवार झाड नाही, हिरवे पान नाही. या भूमीतून कधी काळी धान्याचा एक दाणा निघत असेल, यावर परक्याचा विश्वास बसणार नाही.

परंतु तोच मनुष्य आश्विन महिन्यात पुन्हा तेथे आला, तर त्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणे कठीण जाईल. ज्या शेतांत त्याने मीठ पाहिले होते, तीच शेते आता भाताच्या लोंब्यांनी वाकलेली असतात. बांधांवर गवत माजलेले असते आणि पाटांत बगळे उभे असतात. मग वैशाखातील ते मीठ गेले कोठे? आणि पुढच्या वैशाखात ते पुन्हा येते कोठून? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला उमगली, त्याला खारजमीन सुधारण्याची निम्मी विद्या साध्य झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. उरलेली निम्मी विद्या ग्रंथांत सापडत नाही. ती गावाच्या वागण्यात असते.

प्रथम ही भूमी निर्माण कशी झाली ते पाहिले पाहिजे. सह्याद्रीवर पडणारा पाऊस आपल्याबरोबर डोंगरांची माती खाली आणतो. नद्या ती माती खाडीच्या मुखापर्यंत वाहून नेतात. तेथे भरतीचे पाणी समोरून येते, नदीचा वेग मंदावतो आणि बारीक गाळ तळाशी बसतो. या गाळात तिवरांची झाडे रुजतात, त्यांच्या मुळ्या आणखी गाळ अडवून धरतात, आणि शेकडो वर्षांनी तेथे दलदलीचे एक विस्तीर्ण मैदान तयार होते. ओहोटीच्या वेळी ते उघडे पडते आणि भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. ही माती डोंगराची असल्यामुळे मुळात सकस असते. परंतु दिवसातून दोनदा खारे पाणी पिऊन पिऊन ती क्षारांनी भरलेली असते. अशा मैदानाभोवती बांध घालून माणसाने भरतीला 'येथपर्यंतच' असे बजावले, तेव्हा खारजमिनीची शेती सुरू झाली. या उद्योगालाच खारबंदिस्ती म्हणतात. कोकणात अशा खाऱ्या जमिनी सुमारे ६५ हजार हेक्टर असल्याचे मानले जाते.

मिठाने पिकाचे नुकसान कसे होते, हे समजण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही; स्वयंपाकघरातील लोणच्याची बरणी पुरेशी आहे. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले, की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते. बाहेर मीठ अधिक असले म्हणजे आतील पाणी बाहेर ओढले जाते, हा निसर्गाचा नियम आहे. मुळांच्या बाबतीत हेच घडते. एरवी मातीतील पाणी मुळे सहज शोषून घेतात; पण मातीच्या पाण्यात क्षार फार झाले, म्हणजे मुळांना ते पाणी घेणे अवघड होते. शेतात घोटाभर पाणी उभे असते आणि रोप मात्र तहानेने सुकते. पानांची टोके करपतात, वाढ खुंटते, लोंब्या पोचट राहतात. भाताचे रोप कोवळे असताना आणि पुढे ते फुलोऱ्यात आल्यावर हे मीठ त्याला सर्वांत अधिक बाधते.

दुसरा अपाय मातीला होतो, आणि तो अधिक खोल असतो. चिकणमातीचे कण अत्यंत सूक्ष्म असतात. चांगल्या जमिनीत चुन्याचा अंश या कणांना एकमेकांशी बांधून त्यांच्या लहान लहान कण्या करतो. या कण्यांच्या मधून पाणी झिरपते, हवा खेळते आणि मुळांना वाट मिळते. समुद्राच्या मिठात सोडियमचे प्राबल्य असते. हे सोडियम चुन्याची जागा बळकावते आणि कणांची एकी मोडते. मग प्रत्येक कण सुटा होऊन चिखलात मिसळतो. अशी जमीन ओली असताना पायाला चिकटते आणि वाळल्यावर दगडासारखी कठीण होते. तिच्यातून पाणी खाली उतरत नाही, आणि पाणी उतरल्याशिवाय तर मीठ निघत नाही.

आता मीठ जाते कोठे, या पहिल्या प्रश्नाकडे वळता येईल. मीठ जाळता येत नाही, मातीत पुरून संपवता येत नाही आणि कोणतेही औषध टाकून ते नाहीसे करता येत नाही. त्याला हलवण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे गोडे पाणी. मीठ पाण्यात विरघळते, आणि पाणी जिकडे जाते तिकडे ते जाते. म्हणून खारजमीन सुधारण्याचा सारा खटाटोप शेवटी तीन गोष्टींत येऊन थांबतो. खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही. पावसाचे गोडे पाणी शेतात साठवायचे. आणि त्या पाण्यात मीठ विरघळले, की ते पाणी खाडीत सोडून द्यायचे. यांपैकी तिसरी गोष्ट लोक पुष्कळदा विसरतात. नुसते पाणी भरून ठेवले, तर मीठ पाण्यात उतरते खरे. पण ते पाणी बाहेर गेले नाही, तर उन्हाने आटून मीठ पुन्हा तेथेच बसते. गढूळ पाण्याने भरलेला हंडा कितीही हलवला तरी स्वच्छ होत नाही. तो ओतून रिकामा करावा लागतो.

थोडासा हिशेब केला, तर या कामाचे माप ध्यानात येईल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एक एकर शेतात असे पाणी केवळ दहा सेंटिमीटर उंचीने चढले, तर त्या पाण्याबरोबर सुमारे १४ टन मीठ आत येते. पन्नास किलोचे एक पोते धरले, तर ही सुमारे २८० पोती झाली! खाडीच्या पाण्यात नदीचे पाणी मिसळलेले असते, म्हणून तेथे हा आकडा कमी भरेल. तरीही एका भरतीने शेतावर केवढे ओझे येऊन पडते, हे यावरून दिसते. दुसऱ्या बाजूला कोकणच्या पावसाचे दान आहे. चार महिन्यांत तीन मीटर पाऊस पडला, तर त्याच एक एकरावर सुमारे सव्वा कोटी लिटर गोडे पाणी उतरते. एक फूट खोलीच्या मातीतून एक फूट पाणी आरपार झिरपले, तर त्या थरातील सुमारे ८० टक्के क्षार निघून जातात, असा अनुभवाचा ढोबळ नियम आहे. खारेपाटाची माती चिकण असल्यामुळे तेथे झिरपण्याचे काम मंदपणे होते. म्हणून तेथे साठवणे आणि सोडणे हे चक्र पावसाळ्यात पुन्हा पुन्हा फिरवावे लागते. मेघ आपले काम दर वर्षी करतो. माणसाने एवढेच पाहायचे, की त्याने धुतलेले पुन्हा खारे होऊ नये.

यासाठी दोन साधने लागतात. एक बांध आणि दुसरी उघाडी.

बांध म्हणजे केवळ मातीचा ढीग नव्हे. वर्षातील सर्वांत मोठ्या उधाणापेक्षा तो उंच असावा लागतो. त्याच्या पोटात चिकणमाती घट्ट ठोकून बसवावी लागते. खाडीकडची बाजू उतरती ठेवून तिच्यावर दगड रचतात, म्हणजे लाटेचा जोर उतारावर विरतो. बांधासाठी लागणारी माती बांधाच्या पायथ्याशीच खणली, तर त्या खड्ड्यात बांध खचतो. म्हणून ती दूर अंतरावरून आणावी लागते. बांधाच्या बाहेर तिवरांची दाट रांग असली, तर तीच लाटेला पहिली थोपवते. जळणासाठी ती झाडे तोडणारा मनुष्य आपल्याच घराची भिंत पाडत असतो.

उघाडी ही त्याहूनही चातुर्याची वस्तू आहे. बांधाच्या पोटातून एक पक्की मोरी काढतात आणि तिच्या खाडीकडील तोंडाला वरच्या बाजूने टांगलेली झडप बसवतात. भरती चढू लागली, की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप मोरीच्या तोंडावर घट्ट बसते आणि खारे पाणी आत शिरू शकत नाही. ओहोटी लागली, की आतील पाण्याची पातळी वरचढ होते. तिच्या रेट्याने झडप बाहेर ढकलली जाते आणि शेतातील साचलेले पाणी खाडीत निघून जाते. तेथे पहारेकरी नसतो, यंत्र नसते. ज्या समुद्रापासून शेत राखायचे, त्याच्याच चढउताराकडून दार लावून आणि उघडून घ्यायचे, अशी ही युक्ती आहे. मात्र झडपेत एखादे ओंडके अडकले, किंवा तिची फळी कुजली, तर हाच रक्षक फितूर होतो आणि भरतीला वाट करून देतो.

बांध बांधून झाला, म्हणजे लगेच भात पिकते असे नाही. नवी बंदिस्ती झालेल्या जमिनीत पहिली काही वर्षे पीक हाती लागत नाही. पावसाने जमीन धुऊन निघण्याची वाट पाहावी लागते. प्रथम खारे गवत येते. पुढे राता या नावाने ओळखला जाणारा, तांबड्या तांदळाचा जुना भात तेथे पेरतात. त्याचे उत्पन्न मोठे नसते, पण खारेपण सोसण्याची शक्ती त्याच्या अंगी पिढ्यान्पिढ्या मुरलेली असते. क्षार आणखी उतरले, म्हणजे गोड्या जमिनीतील भाताच्या जाती घेता येतात.

या जमिनीत लावणीच्या रीतीही निराळ्या आहेत. जुन्या काळी फार खाऱ्या शेतात नांगर घालीतच नसत. बियाणे भिजवून, गवतात झाकून त्याला मोड आणीत आणि पावसाने भिजलेल्या चिखलावर ते मोडाचे बी फेकीत. या पेरणीला रहू म्हणतात. नांगराने खालची खारी माती वर येऊ नये, आणि कोवळे मूळ रोपवाटिकेतून उपटले जाऊन दुखावू नये, असा दुहेरी शहाणपणा तिच्यात दिसतो. जेथे लावणी करतात, तेथे थोडी जून रोपे घेतात आणि एका चुडात नेहमीपेक्षा अधिक रोपे लावतात. म्हणजे काही रोपे दगावली, तरी शेत मोकळे राहत नाही. धैंचा हे हिरवळीचे पीक खारेपणाला दाद देत नाही. ते वाढवून मातीत गाडले, की माती भुसभुशीत होते आणि पाण्याला खाली उतरण्यास वाट मिळते. गिरिपुष्पाचा पालाही याच कामी येतो.

पनवेल येथे खारजमिनीचे संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली ते चालते. पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या खारेपण सोसणाऱ्या भाताच्या जाती याच केंद्राने दिल्या. जुन्या राता भाताचा काटकपणा आणि नव्या जातींचे उत्पन्न यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे. तथापि कोणतीही जात झाली तरी तिच्या सोसण्याला सीमा असते. बियाणे जमिनीला साहाय्य करते. ते बांधाची जागा घेऊ शकत नाही.

आता दुसरा प्रश्न. पावसाळ्यात धुतलेले मीठ वैशाखात परत येते कोठून? याचे उत्तर देवघरातील समईत सापडते. समईतील तेल खाली असते आणि ज्योत वर असते. वातीच्या धाग्यांतील सूक्ष्म वाटांनी ते तेल आपोआप वर चढते. मातीच्या कणांमधील पोकळ्या या अशाच वाती होत. खारेपाटात जमिनीखाली थोड्याच खोलीवर खारे पाणी असते. पाऊस संपून ऊन तापू लागले, की ते पाणी या वातींनी वर येते. पृष्ठभागावर पोहोचताच पाणी वाफ होऊन उडून जाते. मीठ उडू शकत नाही, ते मागे राहते. दिवसामागून दिवस असे मीठ वर येत राहते आणि वैशाखापर्यंत त्याचा पांढरा पापुद्रा तयार होतो.

रोग कळला, म्हणजे उपाय सुचतो. भात कापल्याबरोबर जमिनीत ओल असतानाच वरचा थर नांगरून मोकळा केला, तर वाती मध्येच तुटतात. शेतावर भाताचा पेंढा पसरून ठेवला, तर उन्हाचा ताप मातीपर्यंत पोहोचत नाही आणि पाणी उडणे कमी होते. शेताच्या एका कोपऱ्यात तळे खोदून पावसाचे पाणी साठवले, तर त्या गोड्या पाण्यावर उन्हाळ्यात थोडा भाजीपाला होतो आणि गुरांच्या पाण्याची सोय होते. खारेपाटातील अशा तळ्यांत जिताडा नावाचा चविष्ट मासाही वाढवतात, आणि कित्येक कुटुंबांना भाताइतकाच त्याचा आधार असतो.

काही जमिनींची प्रकृती याहून बिघडलेली असते. ज्या मातीत सोडियमने कणांची एकी पुरती मोडलेली असते, तेथे नुसते गोडे पाणी वरवर उभे राहते. अशा जमिनीला जिप्सम, म्हणजे खडूसारखा दिसणारा एक खनिज पदार्थ, देतात. त्यातील चुन्याचा अंश सोडियमला हुसकून आपली जागा परत घेतो. सुटलेले सोडियम मग पाण्याबरोबर वाहून जाते. नेदरलँड्स या देशाला याचा मोठा अनुभव आला. तेथील पुष्कळ भूमी समुद्राच्या पातळीपेक्षा खाली आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात प्रचंड वादळ झाले, उधाणाने बांध फोडले आणि त्या एका देशात १८३६ माणसे प्राणांस मुकली. हजारो शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. पाणी काढून टाकल्यावर तेथील शेतकऱ्यांनी शेतांत जिप्सम टाकले, ओल्या जमिनीत अवजारे घालण्याचा मोह आवरला, आणि पावसाने मीठ खाली उतरण्याची धीराने वाट पाहिली. कोकणातील बहुतेक खारजमिनींत मिठाचा भरणा असला, तरी तेथे धुऊन काढणारा पाऊसही तसाच उदंड असतो. म्हणून मातीची परीक्षा केल्याशिवाय जिप्समवर पैसा घालणे योग्य नव्हे. औषध देण्यापूर्वी नाडी पाहिली पाहिजे.

मिठाचा पुरता बीमोड करण्याच्या मागे न लागता त्याच्याशी समजुतीने वागणारी शेतीही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वापार चालत आली आहे. गोव्यात अशा बंदिस्त जमिनींना खाजन म्हणतात आणि त्यांच्या दाराला मानस म्हणतात. पावसाळ्यात तेथे कोरगुटासारखा खारेपण सोसणारा भात होतो, आणि मानशीपाशी मासे धरण्याचा व्यवसाय चालतो. केरळातील पोक्कळी शेतीत शेतकरी उन्हाळ्यात मातीचे उंचवटे रचतो. पहिल्या पावसाने त्या उंचवट्यांतील मीठ धुऊन निघाले, की त्यांवर मोडाचे बी पेरतो आणि रोपे वाढल्यावर उंचवटे फोडून ती शेतभर पसरतो. भाताची कापणी झाली, की त्याच शेतात खारे पाणी घेऊन कोळंबी वाढवतात. पावसाळा भाताचा आणि उन्हाळा कोळंबीचा, अशी ऋतूंची वाटणी तेथील लोकांनी करून घेतली आहे.

येथवर मातीची आणि पाण्याची विद्या झाली. परंतु खारेपाटाचा खरा प्रश्न याहून निराळा आहे. डोंगरावरील शेतकऱ्याचा बांध फुटला, तर बहुधा त्याच्या एकट्याचे शेत वाहून जाते. खारेपाटात तसे नसते. तेथे शेकडो एकरांना मिळून एकच बांध असतो. त्या लांब बांधात कोठे तरी एका खेकड्याने बीळ केले, आणि ते कोणाच्या नजरेस पडले नाही, तर प्रथम त्यातून बोटाएवढी धार आत येते. दुसऱ्या भरतीला ती मनगटाएवढी होते. आषाढातील अमावास्येचे उधाण, वरून कोसळणारा पाऊस आणि पश्चिमेचा वारा हे तिन्ही एकत्र आले, की त्या बिळाची खांड होते, म्हणजे बांधाला खिंडार पडते. मग पाणी हे शेत कोणाचे आणि ते शेत कोणाचे, असे विचारीत नाही. ज्याने आपल्या वाट्याचा बांध रात्रंदिवस राखला त्याचे भात, आणि ज्याने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही त्याचे भात, दोन्ही एकाच रात्री बुडतात. लावणीसाठी काढलेले कर्ज मात्र ज्याचे त्याच्या डोक्यावर राहते. शिवाय हानी त्या एका वर्षाची नसते. पावसाने अनेक वर्षे धुतलेली जमीन पुन्हा खारी होते आणि धुण्याचे काम पहिल्यापासून आरंभावे लागते.

खांड बुजवण्याचे काम ज्याने पाहिले आहे, त्याला सहकार्य या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. उधाणात हे काम होत नाही. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर कमी होतो. त्या भांगाच्या दिवसांची वाट पाहावी लागते. ओहोटी लागताच गावातील बायका-पुरुष चिखलात उतरतात. मेढी ठोकल्या जातात, त्यांच्या आधाराने फांद्या आणि पेंढा दाबला जातो आणि चिकणमातीची ढेपसे हातोहात पुढे जातात. हाताशी वेळ थोडा असतो. भरती परत येण्यापूर्वी बांध पाण्याच्या वर आला पाहिजे. तो वीतभर कमी पडला, तर दिवसभराचे श्रम वाहून जातात. अलिबाग-पेणच्या भागात बांधाची राखण आणि डागडुजी अशी सर्वांनी मिळून करण्याची जी वहिवाट होती, तिला जोळ म्हणत. जोळीला घरटी माणूस द्यावा लागे, आणि तेथे 'माझे शेत आतल्या बाजूला आहे' ही सबब चालत नसे.

या बांधांमागे कष्टाचाच नव्हे, तर न्यायाचाही प्रश्न उभा होता. खाडीच्या चिखलातून जमीन वर काढली ती कुळांनी. परंतु तिच्या पिकाचा मोठा वाटा जाई खोतांच्या कोठारात. अलिबाग तालुक्यातील चरी या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा भरली. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय केला, आणि १९३९ पर्यंत, जवळजवळ सहा वर्षे, उपासमार सोसून तो पाळला. त्या चळवळीने कुळांच्या हक्कांचा प्रश्न कायदेमंडळापर्यंत नेऊन पोहोचवला. जो जमीन घडवतो त्याचा तिच्यावर अधिकार असतो, ही गोष्ट खारेपाटाने अशी मोठे मोल देऊन सांगितली.

पुढे सरकारनेही या कामात लक्ष घातले. १९४८ साली मुंबई प्रांतात खारजमिनींविषयी कायदा झाला, आणि १९७९ साली महाराष्ट्र राज्याने खारजमीन विकासाचा नवा कायदा केला. अनेक ठिकाणी बांध पक्के झाले, नव्या उघाड्या बसल्या. एकट्या गावाला न झेपणारी कामे त्यामुळे झाली, यात शंका नाही. परंतु त्याबरोबर जोळीची जुनी सवयही हळूहळू मोडत गेली. बांध सरकारचा झाला, म्हणून तो आपला राहिला नाही, अशी भावना कोठे कोठे रुजली. तरणी माणसे कामधंद्यासाठी शहरांत गेली. खेकड्याचे बीळ दिसले, तरी ते पायाने बुजवण्याऐवजी अर्ज लिहिण्याची रीत पडली. अर्ज लिहिणे चूक नव्हे. मोठ्या खांडीला सरकारचेच बळ लागते. परंतु भरती अर्जाच्या उत्तरासाठी थांबत नाही. जेथे खांड वर्षानुवर्षे उघडी राहिली, तेथे शेतांत पुन्हा तिवरे उगवली आहेत आणि शेताचे बांध पाण्याखाली बुडाले आहेत. तिवरांना आता कायद्याचे संरक्षण आहे आणि ते असणे इष्टही आहे. पण त्यामुळे अशी गेलेली जमीन परत मिळवणे अधिकच अवघड होऊन बसते. म्हणून जमीन जाऊ न देणे हेच शहाणपणाचे.

आणि समुद्रही स्वस्थ बसलेला नाही. पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने जगातील समुद्रांची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वर चढली आहे, आणि ती अद्यापि चढत आहे. ज्या उंचीचा बांध आजोबांना पुरला, तो नातवाला पुरेलच असे नाही. म्हणून खारबंदिस्ती हे एकदा करून संपवण्याचे काम नव्हे. ते दर वर्षी नव्याने करावयाचे व्रत आहे.

मीठ धुऊन काढण्यास मेघ समर्थ आहे. झडप लावण्यास आणि उघडण्यास स्वतः समुद्र राबतो. माणसाच्या वाट्याला एवढेच काम उरते, की मृगाच्या आधी बांधावरून एक फेरी मारावी आणि जेथे बीळ दिसेल तेथे थांबून, ते कोणाच्या वाट्याला आले आहे हे न विचारता, मूठभर माती दाबावी. पावसाळ्याच्या तोंडावर खारेपाटातील एखादा म्हातारा शेतकरी आजही संध्याकाळी बांधावरून चालताना दिसतो. तो मध्येच वाकतो, मातीत बोट घालून पाहतो, टाचेने काही दाबतो आणि पुढे जातो. लांबून पाहणाऱ्याला वाटते, की म्हातारा पाय मोकळे करीत आहे. वस्तुतः तो साऱ्या गावाचे भात राखीत असतो.